प्रेझेंटली

प्रेझेंटली : इंग्रजी भाषेतील एक कालवाचक क्रियाविशेषण. 'तत्क्षणी, विनाविलंब', 'थोड्या वेळाने, लवकरच', आणि 'सध्या, आजमितीस' असे तीन अर्थ या शब्दाच्या इतिहासात आढळतात. त्यांपैकी पहिला अर्थ प्रचारातून गेला असून उरलेले दोन आजच्या इंग्रजीत एकमेकांशेजारी नांदतात. वर्तमान क्षण आणि नजीकचा भविष्यकाळ या दोन्हींचा बोध एकाच शब्दाने होत असल्यामुळे त्याच्या वापराविषयी विसाव्या शतकात बराच वाद झाला. अर्थविचाराच्या अभ्यासात या शब्दाला महत्त्व आहे, ते केवळ या वादामुळे नव्हे. 'आत्ताच्या आत्ता' असा अर्थ सांगणारे शब्द कालांतराने सैल पडून 'थोड्या वेळाने' या अर्थावर येऊन ठेपतात, ही अनेक भाषांत दिसणारी प्रवृत्ती या एका शब्दाच्या चरित्रात स्पष्टपणे पाहावयास मिळते. शिवाय जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना हा शब्द ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच वाचकाला हटकून फसवतो.

व्युत्पत्ती : 'प्रेझेंट' हे इंग्रजी विशेषण जुन्या फ्रेंच भाषेतून आलेले असून त्याचे मूळ लॅटिनमधील 'प्राएसेन्स' या शब्दात आहे. 'प्राए' म्हणजे पुढे, समोर आणि 'एस्से' म्हणजे असणे. यावरून 'समोर असलेला, हजर' हा त्याचा मूळ अर्थ होय. जे समोर आहे ते चालू काळाचे, या कल्पनेने 'हजर' या स्थलवाचक अर्थातून 'वर्तमान' हा कालवाचक अर्थ निघाला. मराठीतील 'प्रस्तुत' या शब्दाचेही 'समोर असलेला' आणि 'चालू असलेला' असे दोन्ही अर्थ होतात, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. 'प्रेझेंट' या विशेषणाला '-ली' हा क्रियाविशेषणे बनविणारा इंग्रजी प्रत्यय लागून मध्ययुगाच्या उत्तरकाळात 'प्रेझेंटली' हा शब्द तयार झाला. घटनेप्रमाणे पाहता त्याचा सरळ अर्थ 'वर्तमान क्षणी' एवढाच होतो. या अर्थाला दोन दिशांनी वाढण्यास वाव होता. एखादी स्थिती वर्तमान क्षणी आहे असे म्हटले, की 'सध्या' हा अर्थ होतो. एखादी कृती वर्तमान क्षणी करावयाची आहे असे म्हटले, की 'ताबडतोब' हा अर्थ होतो. पंधराव्या शतकापर्यंत हे दोन्ही अर्थ रूढ झालेले होते. 'थोड्या वेळाने' हा अर्थ मात्र शब्दाच्या घटनेत कोठेही नाही. तो वापरातून उत्पन्न झाला.

'तत्क्षणी' हा अर्थ : इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेवरून सिद्ध झालेले बायबलचे अधिकृत इंग्रजी भाषांतर १६११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा शब्द आला आहे, तो 'विनाविलंब' याच अर्थाने. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू निष्फळ अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि झाड वाळून जाते. ते केव्हा वाळले, हे सांगताना भाषांतरकारांनी 'प्रेझेंटली' हा शब्द योजला. मूळ ग्रीक शब्द 'पाराख्रेमा' असा असून त्याचा अर्थ 'जागच्या जागी, त्याच क्षणी' असा आहे. पुढच्याच वचनात शिष्य आश्चर्य करतात. तेथेही ग्रीकमध्ये तोच शब्द आहे, परंतु इंग्रजीत त्यासाठी 'सून' हे क्रियाविशेषण वापरलेले आहे. आजचा वाचक या दोन्ही शब्दांचा अर्थ 'थोड्या वेळाने, लवकर' असा घेतो आणि झाड हळूहळू सुकले असावे, अशी त्याची समजूत होते. या समजुतीचा परिणाम क्षुल्लक नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हीच कथा वेगळ्या रीतीने येते. तेथे शाप एके दिवशी दिला जातो आणि झाड वाळलेले दिसते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन शुभवर्तमानांतील हा फरक अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पण 'प्रेझेंटली'चा अर्वाचीन अर्थ घेतला, तर मत्तयाचे कथन मार्कच्या कथनाजवळ सरकते आणि फरक झाकला जातो. एका क्रियाविशेषणाच्या अर्थबदलाने मूळ ग्रंथातील विसंगतीच दृष्टीआड होते.

त्याच ग्रंथात मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात येशूच्या अटकेचा प्रसंग आहे. तलवार उपसणाऱ्या शिष्याला थांबवून येशू सांगतो, की आपण मागितल्यास देवदूतांच्या बारांहून अधिक पलटणी पिता 'प्रेझेंटली' पाठवील. येथे ग्रीकमध्ये 'आर्ती' म्हणजे 'आत्ता' हा शब्द आहे. मदत मागताच मिळाली असती आणि तरीही ती मागितली नाही, हेच या वचनाचे मर्म होय. मदत 'थोड्या वेळाने' आली असती असा अर्थ घेतल्यास संकटाच्या त्या घटकेला तिचा उपयोग उरत नाही आणि स्वेच्छेने केलेल्या त्यागाचा भावही नाहीसा होतो.

शेक्सपिअरच्या नाटकांतही हा शब्द याच अर्थाने वारंवार येतो. १६११ मध्ये प्रयोग झाल्याची नोंद असलेल्या टेम्पेस्ट या नाटकाच्या चौथ्या अंकात प्रॉस्पेरो आपल्या एरिअल या सेवकाला इतर पिशाच्चे घेऊन येण्याची आज्ञा करतो. एरिअल हाच शब्द प्रश्नार्थक उच्चारतो आणि त्यावर पापणी लवण्याइतकाही वेळ लागता कामा नये, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. शब्दाचा त्या काळातील अर्थ नाटककाराने जणू संवादातच स्पष्ट केलेला आहे.

'थोड्या वेळाने' या अर्थाकडे संक्रमण : सोळाव्या शतकापासूनच या शब्दाच्या अर्थात शिथिलता दिसू लागते. प्रारंभी हा बदल इतका सूक्ष्म होता, की अनेक वाक्यांत 'तत्काळ' आणि 'लवकरच' यांपैकी कोणता अर्थ घ्यावा याचा निर्णय करता येत नाही. अर्थबदलाच्या प्रक्रियेत अशी संदिग्ध वाक्येच पुलासारखी उपयोगी पडतात. बोलणारा जुन्या अर्थाने बोलतो, ऐकणारा नव्या अर्थाने समजतो आणि व्यवहार अडत नसल्यामुळे दोघांनाही फरक जाणवत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'थोड्या वेळाने' हा अर्थ चांगलाच स्थिरावला. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील कादंबरीला तर हा शब्द विशेष मानवला. कथन पुढे नेताना दोन घटनांमध्ये अल्पसा काळ गेला, पण त्या काळात सांगण्याजोगे काही घडले नाही, हे सुचविण्यासाठी जेन ऑस्टिन, चार्ल्स डिकन्स इ. लेखकांनी त्याचा मुक्तपणे उपयोग केला. अशा वाक्यांत क्रियापद भूतकाळी असते आणि शब्दाचा संबंध बोलणाराच्या वर्तमान क्षणाशी न राहता कथेतील क्षणाशी जुळतो. 'समोरचा क्षण' या मूळ अर्थाचा धागा येथे जवळजवळ तुटलेला आहे.

१८८१ मध्ये नव्या कराराचे सुधारित इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा भाषांतरकारांनी या बदलाची दखल घेतली. अंजिराच्या झाडाच्या कथेत 'प्रेझेंटली' आणि 'सून' या दोन्हींच्या जागी त्यांनी 'इमिजिएटली' हा शब्द घातला. देवदूतांच्या प्रसंगी 'आत्तासुद्धा' अशा अर्थाची शब्दयोजना केली. २७० वर्षांत मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ बदलला नव्हता, इंग्रजी शब्दांचा बदलला होता. म्हणून जुना अर्थ राखण्यासाठी शब्द बदलणे भाग पडले.

समांतर उदाहरणे : 'प्रेझेंटली'चा हा प्रवास एकाकी नाही. इंग्रजीतील 'लवकरच' या अर्थाचे बहुतेक जुने शब्द एके काळी 'ताबडतोब' या अर्थाचे होते.

'सून' हा शब्द प्राचीन इंग्रजीत 'सोना' असा होता आणि त्याचा अर्थ 'तत्काळ' असा होता. मध्ययुगीन इंग्रजीत तो शिथिल होत गेला आणि आज त्याने सूचित होणारा काळ काही मिनिटांपासून काही वर्षांपर्यंत कितीही असू शकतो. 'अनॉन' हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'ऑन आन' म्हणजे 'एकात, एकसरशी' या पदसमूहापासून झाला. त्याचाही मूळ अर्थ 'लगोलग' असाच होता. शेक्सपिअरच्या चौथा हेन्री या नाटकाच्या पहिल्या भागात मद्यगृहातील फ्रान्सिस नावाचा पोऱ्या हाका मारणाऱ्या गिऱ्हाइकांना याच शब्दाने ओ देत राहतो, पण येत मात्र नाही. 'आलोच' म्हणणाऱ्याच्या तोंडी शब्दाचा अर्थ कसा झिजतो, याचे हे बोलके उदाहरण होय. हा शब्द आता केवळ जुनाट किंवा विनोदी शैलीत उरला आहे.

'बाय अँड बाय' या शब्दप्रयोगात झालेला पालट सर्वांत मोठा आहे. आज त्याचा अर्थ 'पुढेमागे, कालांतराने' असा होतो. १६११ च्या बायबलात तो 'तत्क्षणी' असा आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोदियाची कन्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून 'बाय अँड बाय' मागते. ती कालांतराने नव्हे, तर राजाला विचार बदलण्याची सवड मिळण्यापूर्वीच ते मागत आहे. येथील 'एक्साउतेस' हाच ग्रीक शब्द फिलिप्पैकरांस पत्रात तीमथ्याला पाठविण्याच्या संदर्भात आला असून तेथे त्याचे भाषांतर 'प्रेझेंटली' असे केलेले आहे. म्हणजे त्या काळी हे दोन्ही शब्द समानार्थी होते. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात खडकाळ जमिनीवरील बीज म्हणजे वचन आनंदाने ग्रहण करणारा, पण संकट येताच अडखळणारा मनुष्य. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात ग्रहण करणे आणि अडखळणे या दोन्ही क्रियांना 'एउथिस' म्हणजे 'लागलेच' हे एकच ग्रीक क्रियाविशेषण आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अनॉन' व दुसऱ्या ठिकाणी 'बाय अँड बाय' असे भाषांतर झाले. मार्कच्या चौथ्या अध्यायातील याच दृष्टांतात त्याच भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी 'इमिजिएटली' हा शब्द वापरला. लूकच्या एकविसाव्या अध्यायात युद्धे व दंगे यांची वार्ता ऐकून घाबरू नये, कारण शेवट 'बाय अँड बाय' होणार नाही, असे सांगितले आहे. मूळ आशय 'शेवट इतक्यात नाही' असा आहे. आजच्या अर्थाने वाचल्यास 'शेवट पुढेमागे व्हावयाचा नाही' असा जवळजवळ उलट अर्थ निघतो.

हीच प्रवृत्ती नंतरच्या शब्दांतही दिसते. 'डायरेक्टली' म्हणजे सरळ, म्हणून विनाविलंब. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉल परगण्यात त्याचे 'ड्रेकली' हे बोलीरूप 'होईल केव्हातरी' अशा अर्थाने प्रसिद्ध आहे, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील बोलींतही तो 'थोड्या वेळाने' या अर्थाने येतो. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत 'जस्ट नाउ' म्हणजे आत्ता नव्हे, तर काही वेळाने. 'मोमेंटॅरिली' याचा अर्थ 'क्षणभर' असा असताना अमेरिकन इंग्रजीत विसाव्या शतकात 'क्षणात, लवकरच' हा अर्थ रूढ झाला. त्यामुळे विमान 'मोमेंटॅरिली' उतरेल या सूचनेत ब्रिटिश वळणाच्या श्रोत्याला ते क्षणभर टेकून पुन्हा उडेल की काय, असा अर्थ ऐकू येऊ शकतो. इंग्रजीबाहेर पाहिल्यास फ्रेंचमधील 'तू ता लर' हा शब्दप्रयोग सतराव्या शतकात 'ताबडतोब' या अर्थाचा होता. आज तो 'थोड्या वेळाने' किंवा 'थोड्या वेळापूर्वी' असा आहे. जर्मनमधील 'बाल्ट' या शब्दाचा अर्थ मुळात 'धिटाईने, झपाट्याने' असा होता. आज तो 'लवकरच' असा आहे.

अर्थशैथिल्याची कारणे : या प्रक्रियेत दोन टप्पे वेगळे करता येतात. पहिल्या टप्प्यात 'वेगाने' या अर्थाचे शब्द 'ताबडतोब' या अर्थाचे होतात. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ गुस्टाव्ह स्टर्न यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीतील शीघ्रतावाचक शब्दांची छाननी केली. ज्या क्रियाविशेषणांना 'वेगाने' हा अर्थ १३०० पूर्वी प्राप्त झालेला होता, त्यांना पुढे 'तत्काळ' हा अर्थ आला. ज्यांना तो त्यानंतर मिळाला, त्यांच्या बाबतीत असे घडले नाही, असे त्यांनी दाखविले. या बदलाची यंत्रणा मराठी उदाहरणानेही समजू शकते. 'तो झटकन चालतो' या वाक्यात क्रियेचा वेग सांगितला आहे. 'तो झटकन उठला' या वाक्यात मात्र उठण्याची क्रिया वेगाने झाली आणि उठण्यापूर्वी वेळ गेला नाही, असे दोन्ही अर्थ संभवतात. क्रिया पूर्ण झाल्याचा बोध करून देणाऱ्या अशा वाक्यांतूनच वेगाचा अर्थ मागे पडून अविलंबाचा अर्थ पुढे येतो.

दुसऱ्या टप्प्यात 'ताबडतोब' हा अर्थ 'थोड्या वेळाने' असा होतो. याचे कारण भाषेच्या घटनेपेक्षा माणसाच्या वर्तनात शोधावे लागते. 'तत्काळ' या अर्थाचे शब्द आज्ञेच्या आणि विशेषतः आश्वासनाच्या वाक्यांत अधिक येतात. आश्वासन देणारा आपली तत्परता दाखविण्यासाठी प्रत्यक्षात शक्य असलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ सांगतो. ऐकणाऱ्याला अनुभवाने हे ठाऊक असते. तो शब्दातून तेवढी वजावट करूनच अर्थ घेतो. नव्या पिढीला भाषा शिकताना शब्द आणि त्यानंतर प्रत्यक्षात गेलेला वेळ या दोहोंचीच जोडी दिसते. त्यामुळे जी वजावट पूर्वीच्या पिढीने मनाशी केलेली असते, ती नव्या पिढीच्या दृष्टीने शब्दाच्या अर्थाचाच भाग बनते. अशा रीतीने अतिशयोक्ती झिजून नेहमीचा अर्थ होते. मग खरोखरीच 'आत्ताच्या आत्ता' असे म्हणावयाचे असेल, तर नवा शब्द शोधावा लागतो आणि कालांतराने तोही त्याच वाटेने जाण्याची शक्यता असते.

तथापि हा अपरिहार्य नियम नव्हे. 'मध्ये काहीही नसलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला 'इमिजिएटली' हा शब्द अनेक शतके वापरात असूनही 'तत्काळ' हा अर्थ टिकवून आहे. बोलीपेक्षा लेखनात, कायद्यात आणि अधिकृत आदेशांत त्याचा वापर अधिक असल्यामुळे रोजच्या आश्वासनांची झीज त्याला कमी लागली असणे संभवनीय आहे.

'सध्या' हा अर्थ व त्याविषयीचा वाद : 'सध्या' हा या शब्दाचा अर्थ शब्दघटनेला सर्वांत जवळचा आणि पंधराव्या शतकापासूनचा आहे. असे असता विसाव्या शतकात याच अर्थाला चुकीचा ठरविण्यात आले. या विरोधाचा उगम एका कोशातील नोंदीत असावा, असे मेरिअम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाच्या संपादकांचे अनुमान आहे. जेम्स मरी यांच्या संपादनाखाली तयार होत असलेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा हा शब्द असलेला भाग विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. 'सध्या' हा अर्थ साहित्यिक इंग्रजीत सतराव्या शतकापासून लुप्त झाला आहे, असे त्यात म्हटले होते. परंतु इंग्लंडमधील बहुतेक बोलींत तो नियमितपणे वापरला जातो आणि स्कॉटिश लेखकांतही आढळतो, असेही पुढे नमूद केले होते. नोंदीचा पूर्वार्ध लक्षात राहिला आणि उत्तरार्ध विसरला गेला. परिणामी बोलीभाषेत अखंड जिवंत राहिलेला अर्थ लेखनात पुन्हा दिसू लागला, तेव्हा तो नव्याने शिरलेला दोष आहे, असे अनेकांना वाटले.

लेखनशैलीच्या मार्गदर्शक पुस्तकांनी सामान्यतः विरोधाची बाजू घेतली. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने हा शब्द 'थोड्या वेळाने' याच अर्थाने वापरावा, 'आता' या अर्थाने वापरू नये, असा दंडक घातला. विल्यम स्ट्रंक व ई. बी. व्हाइट यांच्या एलिमेंट्स ऑफ स्टाइल या पुस्तकात दोन्ही अर्थांचे अस्तित्व मान्य करून संदिग्धता टाळण्यासाठी पहिलाच अर्थ घ्यावा, असा सल्ला आहे. अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीच्या संपादकांनी आपल्या सल्लागार मंडळातील लेखक-अभ्यासकांचे मत घेतले, तेव्हा 'सध्या' या अर्थाचा वापर सुमारे निम्म्यांनाच ग्राह्य वाटला. विरोधकांच्या युक्तिवादाचा ग्राह्य भाग संदिग्धतेपुरता आहे. 'हा अर्थ नवा आहे' किंवा 'मूळ अर्थाला सोडून आहे' हा भाग इतिहासाला धरून नाही. उलट मूळ अर्थाला सोडून गेलेला अर्थ कोणता असेल, तर तो 'थोड्या वेळाने' हाच होय. शब्दाची शुद्धाशुद्धता त्याच्या व्युत्पत्तीवरून ठरवावयाची, तर एक अर्थ बाद होतो. प्रतिष्ठित लेखकांच्या प्रघातावरून ठरवावयाची, तर दुसरा संशयास्पद होतो. प्रत्यक्ष लोकव्यवहारावरून ठरवावयाची, तर दोन्ही टिकतात. आधुनिक कोश दोन्ही अर्थ देतात आणि वाद असल्याची नोंद करतात.

संदर्भावरून अर्थनिर्णय : प्रत्यक्ष वाक्यात गोंधळ होण्याचे प्रसंग वाटतात तितके नसतात, कारण क्रियापदाचा काळ अर्थाचा निर्णय करतो. क्रियापद वर्तमानकाळी असून स्थिती किंवा चालू क्रिया दर्शवीत असेल, तर 'सध्या' हा अर्थ होतो; उदा., 'ती प्रेझेंटली लंडनमध्ये राहते'. क्रियापद भविष्यकाळी असेल, तर 'लवकरच', उदा., 'डॉक्टर प्रेझेंटली येतील'. भूतकाळी कथनात 'थोड्या वेळाने', उदा., 'प्रेझेंटली पाऊस थांबला'. अडचण येते ती इंग्रजीत चालू वर्तमानकाळाचे रूप भविष्याकरिताही वापरले जाते तेव्हा. एखादा अधिकारी 'प्रेझेंटली' निघत आहे, असे कळविले, तर तो निघालाच आहे की निघणार आहे, हे वाक्यावरून ठरत नाही. अशा ठिकाणी 'नाउ', 'करंटली' किंवा 'शॉर्टली', 'सून' यांपैकी योग्य तो शब्द योजणे श्रेयस्कर समजले जाते.

भारतीय इंग्रजी व मराठी : भारतीय इंग्रजीत, विशेषतः अर्ज, नेमणुकीची पत्रे आणि वृत्तपत्रे यांत, हा शब्द प्रामुख्याने 'सध्या' या अर्थाने येतो. अर्जदार कोठे नोकरीस आहे किंवा राहतो, हे सांगताना त्याचा उपयोग सर्रास होतो. याच सवयीने मराठी वाचक एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी वाचू लागला, तर कथनातील 'थोड्या वेळाने' हा अर्थ त्याला चटकन उमगत नाही; आणि सतराव्या शतकातील गद्य वाचताना तर दोन्ही परिचित अर्थ निरुपयोगी ठरतात.

मराठीच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीत मात्र या अर्थपरिवर्तनाला जवळची उदाहरणे आहेत. संस्कृतातील 'सद्यः' या अव्ययाचा अर्थ 'त्याच दिवशी' व त्यावरून 'तत्क्षणी, नुकताच' असा आहे. 'सद्योजात' म्हणजे नुकताच जन्मलेला. मराठीतील 'सद्यःस्थिती' या शब्दात मात्र 'चालू काळातील' हा अर्थ प्रधान आहे आणि नित्याच्या वापरातील 'सध्या' हा शब्दही याच कुळातला होय. म्हणजे 'तत्क्षणी' आणि 'सध्या' हे 'प्रेझेंटली'चे दोन्ही जुने अर्थ येथेही एकाच शब्दाभोवती एकत्र आले आहेत. 'तूर्त' या शब्दाचा संबंध संस्कृतातील त्वरावाचक धातूशी असला, तरी मराठीत 'तूर्त एवढे पुरे' असे म्हणताना त्वरेचा भाव नसून 'निदान आजच्यापुरते' एवढाच भाव असतो. 'इतक्यात' हे क्रियाविशेषण तर संदर्भानुसार तिन्ही काळांत वावरते : 'इतक्यात येईल' म्हणजे लवकरच, 'इतक्यात दार वाजले' म्हणजे नेमके त्याच क्षणी, 'तो इतक्यात दिसला नाही' म्हणजे अलीकडे. 'आलोच' हे मराठीतील रूपही बोधप्रद आहे. त्यात क्रियापद भूतकाळी असून 'च' या अव्ययाने निश्चितीही दर्शविलेली असते. तरीही बोलणारा अजून निघालेला नसतो आणि ऐकणारा ते जाणून असतो.

जुन्या इंग्रजी ग्रंथांचे मराठी भाषांतर करताना या शब्दासाठी एकच ठराविक प्रतिशब्द योजणे धोक्याचे ठरते. ग्रंथ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असल्यास 'तत्काळ' किंवा 'लागलेच', अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कथनात्मक गद्य असल्यास 'थोड्याच वेळात', स्कॉटिश लेखकांच्या आणि विसाव्या शतकापासूनच्या वृत्तलेखनात बहुधा 'सध्या', अशी स्थूल विभागणी करता येते. परंतु प्रत्येक ठिकाणी क्रियापदाचा काळ आणि प्रसंग पाहूनच अर्थ निश्चित करावा लागतो. ज्या शब्दाचा अर्थ वाचकाला ठाऊक नसतो, त्यासाठी तो कोश उघडतो. 'प्रेझेंटली'सारख्या परिचित शब्दासाठी उघडत नाही. म्हणून जुन्या ग्रंथांच्या वाचनात दुर्बोध शब्दांपेक्षा असे सुबोध वाटणारे शब्दच अर्थहानीचे कारण अधिक वेळा होतात.